शिवणाचं यूट्यूब चॅनेल काढून घर चालतं का? नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

आठवड्याला दोन-तीन बायकांचा तरी मेसेज येतो. "ताई, मला शिवण येतं. मीपण चॅनेल काढू का? महिन्याला किती मिळतात?" प्रत्येकीला सविस्तर लिहायला बसलं की टेबलावरचं कटिंग तसंच राहतं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी बार्शीची. ब्लाऊज शिवायला लागून १४ वर्षं झाली, आणि २०१८ च्या दिवाळीनंतर पहिला व्हिडिओ टाकला. माझा अनुभव शिवणाचा आहे, पण स्वयंपाक, मेंदी, मोटार रिवाइंडिंग, रोपवाटिका असं हातात काही कसब असणाऱ्या कुणालाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

उत्तर आधी देते. घर चालतं. पण यूट्यूब जाहिरातींचे जे पैसे देतं, तेवढ्यावर माझं चालत नाही. व्हिडिओ बघून ज्या शिकायला येतात, कागदी पॅटर्न मागवतात, नऊवारी शिवून घेतात, त्यांच्यावर चालतं. तिथपर्यंत यायला मला साडेतीन वर्षं लागली आणि त्या सगळ्या काळात गिऱ्हाइकांची शिलाई मी एक दिवसही बंद ठेवली नाही.

१. कॅमेऱ्याआधी वही घ्या

यूट्यूब पैसे कशाचे देतं हे आधी समजून घ्या, कारण नव्वद टक्के गैरसमज इथंच असतात. सबस्क्रायबरचे पैसे मिळत नाहीत. लाइकचेही नाहीत. व्हिडिओवर जाहिरात दाखवली गेली, तर तिच्या पैशातले ५५ टक्के आपले आणि ४५ टक्के यूट्यूबचे. जाहिरात नसेल तर व्ह्यू आला तरी, यूट्यूब प्रीमियम घेतलेल्या प्रेक्षकांचे थोडे सोडले तर, हातात काही नाही.

यूट्यूब स्टुडिओत आरपीएम नावाचा आकडा दिसतो. दर १००० व्ह्यूजमागे तुमच्या वाट्याला सरासरी किती आले, ते तो सांगतो. माझ्या चॅनेलवर तो ३५ ते ६० रुपयांच्या मध्ये फिरतो. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चढतो, जानेवारी लागला की धाडकन उतरतो, कारण जाहिरात देणाऱ्या कंपन्यांचा सणासुदीचा खर्च संपलेला असतो. पुण्या-मुंबईचे आणि परदेशातले प्रेक्षक जास्त असले की तो सुधारतो.

आता वहीत मांडा. महिन्याला २५,००० रुपये हवेत आणि आरपीएम ४० धरला, तर ६,२५,००० व्ह्यूज लागतील. दर महिन्याला. मराठी शिवणाच्या व्हिडिओला इतके व्ह्यूज मिळूच शकत नाहीत असं नाही, पण त्या भरवशावर दुकानाचं शटर खाली ओढू नका.

शॉर्ट्सचं, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचं, गणित वेगळं आहे. १ फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सच्या जाहिरातींतलाही वाटा मिळतो, पण आधी सगळ्यांची रक्कम एकत्र करून व्ह्यूजप्रमाणे वाटतात आणि आपल्या वाट्याला आलेल्यातले ४५ टक्के आपल्याला मिळतात. माझ्या एका शॉर्टला ८ लाख व्ह्यूज आले होते. बाहीला चुणीशिवाय पायपिंग लावण्याचं ४० सेकंदांचं काम होतं. त्याचे पैसे हजारच्या आतच आले. शॉर्ट्स ओळख व्हायला चांगले, कमाईसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

२. विषय अरुंद ठेवा

"शिवणकाम" हा विषय झाला नाही. "३८ ते ४४ छातीच्या बायकांचे ब्लाऊज" हा झाला. मी पहिल्या वर्षी फ्रॉक, पिशव्या, उशीचे अभ्रे, परकर, सगळं टाकलं. ५२ व्हिडिओ झाले आणि सबस्क्रायबर ६१०.

मग एप्रिल २०२० आला. लॉकडाउनमध्ये कापडी मास्क कसा शिवायचा याचा ९ मिनिटांचा व्हिडिओ टाकला आणि तो इतका चालला की मे महिन्यात चॅनेल पैसे मिळण्यास पात्र झालं. पण ती माणसं मास्कसाठी आली होती. पुढच्या ब्लाऊजच्या व्हिडिओला त्यातली फारशी कुणी फिरकली नाहीत. सबस्क्रायबर ९ हजार आणि व्ह्यूज ३००, असे पाच महिने काढले. तुमचाही एखादा व्हिडिओ असा अचानक वर गेला, तर आनंद जरूर करा, पण नोकरीचा राजीनामा त्या महिन्यात लिहू नका.

चॅनेल खऱ्या अर्थाने वर आलं ते एका साध्या प्रश्नामुळे. माझ्या दुकानात बायका कोणती तक्रार घेऊन येतात? गळा खांद्यावरून उतरतो. मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथं, चुण्या पडतात. कटोरी टोकदार दिसते. हात वर केला की ब्लाऊज वर चढतो. या चार तक्रारींवर मी चार व्हिडिओ केले, आणि आजही माझ्या एकूण व्ह्यूजमधला मोठा भाग त्यांचाच आहे. फॅशनचे गळे सहा महिन्यांत जुने होतात. गळा खांद्यावरून उतरण्याची तक्रार जुनी होत नाही.

तुमच्या धंद्यातल्या अशा १० तक्रारी आज कागदावर लिहा. १० सुचल्या नाहीत, तर तो विषय तुमचा नाही असं समजा आणि दुसरा शोधा.

३. सामान

सुरुवातीला एवढंच पुरतं:

– घरात आहे तोच स्मार्टफोन, ३-४ वर्षांपूर्वीचाही चालेल
– वरून खाली शूटिंग करता येईल असा स्टँड. मी वर्षभर दोन खुर्च्यांवर इस्त्रीची फळी टाकून तिला मोबाइल बांधत होते
– कॉलरला लावायचा वायरचा माइक
– खिडकी, आणि खिडकीसमोर टेबल
– मोबाइलवरचं कुठलंही फुकटचं एडिटिंग अ‍ॅप

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिल्यांदा माइकवर करा. चित्र थोडं अंधुक असलं तर बाई बघत राहते. आवाज ऐकू आला नाही तर दहाव्या सेकंदाला निघून जाते. कॅमेरा, रिंग लाइट, मागचा पडदा यातलं मी काहीही पहिल्या दोन वर्षांत घेतलं नव्हतं, आणि त्यामुळे काही अडलं नाही.

४. शूटिंग: इथं घाई करू नका

शिवण दाखवताना कापडाची निवड फार महत्त्वाची. गिऱ्हाइकाच्या काळ्या किंवा जरीच्या ब्लाऊजपीसवर खडूची रेघ कॅमेऱ्यात दिसतच नाही. मी फिक्या रंगाचा मांजरपाट वापरते आणि आखणी गडद मार्करने करते. आतली बाजू आणि वरची बाजू वेगळी कळावी म्हणून अस्तर वेगळ्या रंगाचं घेते. शिलाईचा धागा मुद्दाम विरुद्ध रंगाचा, लाल किंवा निळा. प्रत्यक्षात कुणी असा ब्लाऊज घालणार नाही, पण बघणारीला टाका कुठून कुठं गेला हे कळतं.

टेप कॅमेऱ्याकडे सरळ धरा. माप तोंडाने सांगा आणि पडद्यावर लिहासुद्धा, कारण बऱ्याच बायका मशीन चालवत चालवत बघतात आणि मशीनच्या आवाजात आकडा निसटतो. "इथून साडेपाच घ्यायचे" एवढं म्हणून पुढे जाऊ नका. साडेपाच का, ते सांगा. ३६ छातीला साडेपाच घेतले तर ४२ ला किती घ्यायचे, हा प्रश्न लगेच येतो, आणि त्याचं उत्तर त्याच व्हिडिओत मिळालं तर ती बाई तुमचा दुसरा व्हिडिओ नक्की बघते.

आवाजाबद्दल माझी रीत अशी आहे. मशीन चालू असताना मी बोलतच नाही. काम शूट करून घेते आणि रात्री गोधडीखाली बसून आवाज वेगळा भरते. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद. दिवसा शेजारचा मिक्सर, भोंगा, भाजीवाला यातून पाच मिनिटं सलग शांत मिळत नाहीत. शूटिंग सकाळी ९ ते ११. उन्हाळ्यात त्यानंतर खिडकीतून ऊन थेट कापडावर येतं आणि आखणी उडून जाते.

चेहरा दाखवायचा की नाही, यावरून घरात वाद होतात. मी पहिली दोन वर्षं फक्त हात दाखवले. सासूबाईंना पसंत नव्हतं, मलाही संकोच होता. त्याने व्ह्यूजमध्ये काही बिघडलं नाही. पुढे क्लास सुरू करताना मात्र चेहरा दाखवावा लागला, कारण अनोळखी हातांना कुणी फी देत नाही. तेव्हा मोबाइल सासूबाईंनीच धरला होता.

लांबी गरजेपुरती ठेवा. ८ मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत मध्येही जाहिरात लावता येते, म्हणून काही जण ४ मिनिटांचं काम ताणून ११ मिनिटं करतात. बघणाऱ्याला ते लगेच कळतं. पूर्ण ब्लाऊजचं कटिंग दाखवायचं तर २० मिनिटंही कमी पडतात, तिथं ताणायची गरजच नसते.

आणि आपल्या भाषेत बोला. "स्लीव्हचा आर्महोल" म्हणण्याची गरज नाही, मुंढा म्हटलेलं गावोगावच्या बायकांना कळतं. सुरुवातीला मी ओढूनताणून शुद्ध बोलत होते. ते सोडलं आणि कमेंटमध्ये लातूर, बेळगाव, निपाणीच्या बायका "आपल्या घरात बसून शिकवल्यासारखं वाटतं" असं लिहायला लागल्या.

५. पैसे सुरू होण्याच्या अटी

जाहिरातींच्या वाट्यासाठी १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास पाहणं पूर्ण व्हावं लागतं. किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ ४००० तासांत धरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एका व्ह्यूला सरासरी ४ मिनिटं बघितलं गेलं, तर ६०,००० व्ह्यूज लागतील. आठवड्याला एक चांगला व्हिडिओ टाकत राहिलं तर एक-दीड वर्ष हाताशी धरा.

त्याआधीचा एक छोटा टप्पा २०२३ पासून आहे: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि ३००० तास. तिथं प्रेक्षकांकडून थेट मिळणारे पैसे, म्हणजे मेंबरशिप, सुपर थँक्स वगैरे सुरू होतं. जाहिरातींचा वाटा नाही.

अर्ज केल्यावर चॅनेल तपासलं जातं. इतरांच्या व्हिडिओचे तुकडे जोडलेले, किंवा कॉम्प्युटरने बनवलेल्या आवाजात एकाच साच्यातले शेकडो व्हिडिओ ओतलेले असतील, तर नकार येतो. जुलै २०२५ मध्ये या नियमाची भाषा आणखी स्पष्ट केली गेली. स्वतःच्या हाताने काम दाखवणाऱ्याला याची भीती नाही.

६. कागदपत्रं, आणि त्यात बायकांची होणारी अडचण

लागतं हे:

– पॅन कार्ड
– आधार
– स्वतःच्या नावाचं बँक खातं, आयएफएससी आणि स्विफ्ट कोडसह (स्विफ्ट म्हणजे परदेशातून पैसे येण्यासाठीचा बँकेचा कोड)
– पोस्टाने पत्र हमखास पोचेल असा पत्ता
– अ‍ॅडसेन्स खातं (गूगलचं, ज्यातून जाहिरातींचे पैसे मिळतात), एका माणसाला एकच

यादी लहान आहे, पण माझा सर्वात जास्त वेळ इथंच गेला. पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँकेत आडनाव आधी. लग्न झालेल्या किती बायकांची हीच अवस्था असेल. अ‍ॅडसेन्सवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर पडताळणी अडते, आणि बँकेतलं नाव जुळलं नाही तर आलेले पैसे परत जाऊ शकतात. तेव्हा चॅनेल काढायच्या आधीच पॅन, आधार आणि पासबुक या तिन्हींवर नाव एकसारखं करून घ्या. मला त्यासाठी तीन महिने घालवावे लागले, आणि तोवर पैसे तिकडेच पडून होते. नवऱ्याच्या नावाने अ‍ॅडसेन्स काढण्याचा सोपा रस्ता बऱ्याच जणी धरतात. तसं करू नका. कमाई तुमची आहे, तर ती तुमच्या खात्यावर आणि तुमच्या रिटर्नमध्ये दिसू दे. उद्या मशीनसाठी कर्ज काढताना तोच कागद कामाला येतो.

बँकेचं असं आहे की पैसे परदेशातून वायर ट्रान्सफरने येतात. माझं जुनं खातं एका लहान बँकेत होतं, तिथल्या शाखेत परदेशी रक्कम थेट घेण्याची सोयच नव्हती. शाखेत जाऊन विचारा: "तुमचा स्विफ्ट कोड काय आणि परदेशातून आलेली रक्कम या खात्यावर जमा होते का?" गोंधळलेलं उत्तर आलं तर दुसऱ्या बँकेत खातं काढा. रक्कम आल्यावर बँक ती कशाबद्दल आली याचा परपज कोड विचारते. जाहिरातीचं उत्पन्न आहे असं सांगा आणि रक्कम आल्याचा दाखला दर वेळी मागून फाइलला लावा.

अ‍ॅडसेन्स खात्यात १० डॉलर जमले की पत्त्यावर पिन नंबरचं पत्र येतं. आमच्याकडे पत्त्यावर गल्लीचं नाव आणि घरमालकाचं नाव नसलं की पत्र फिरत राहतं. माझं पहिलं पत्र हरवलं, दुसरं आलं. पोस्टमनना आधी सांगून ठेवा, मोबाइल नंबर पत्त्यातच लिहा. १०० डॉलर पूर्ण झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि निघतात ते पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. माझी पहिली रक्कम नोव्हेंबर २०२० मध्ये आली, बँकेचं कापून ७,३८० रुपये. पहिल्या व्हिडिओपासून ती हातात यायला दोन वर्षं लागली होती.

आणखी एक फॉर्म विसरू नका. २०२१ पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. अ‍ॅडसेन्समध्ये डब्ल्यू-८बेन फॉर्म पॅन नंबरसह भरला तर भारत-अमेरिका करारामुळे फक्त त्या भागावर १५ टक्के कापतात. भरलाच नाही तर सगळ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. घरबसल्या दहा मिनिटांचं काम आहे.

७. खरी मिळकत कुठून येते

माझ्या एका साधारण महिन्याचे आकडे देते. सबस्क्रायबर सध्या ७१ हजार.

जाहिराती: ९,५०० च्या आसपास.
ऑनलाइन क्लास: १६,५००. १५ जणींची एक बॅच, १२ दिवस, फी ११००.
कागदी पॅटर्न: ७,५००.
नऊवारी आणि ब्लाऊजची शिलाई: ११,०००, गौरी-गणपतीच्या आधी याच्या तिप्पट.

यातून मदतनीस मुलीचा पगार, टपाल, नेट, कागद, धागा असे ८ हजार जातात. महिन्याला ३६-३७ हजार राहतात. बार्शीत यात आमचं चांगलं चालतं. मुंबईत भाड्याच्या घरात कदाचित चाललं नसतं.

क्लासमध्ये १५ पेक्षा जास्त घेऊ नका. मी एकदा ४० घेतल्या होत्या. कुणाची आखणी कुठं चुकली हे स्क्रीनवर दिसेना, बायका नाराज झाल्या आणि निम्म्या जणींना मी पुढच्या बॅचला फुकट बसवलं. गिऱ्हाईक तोंडी सांगण्यावर येतं, त्यामुळे तो तोटा सोसणंच योग्य होतं.

पॅटर्नची पीडीएफ विकू नका. एकीने घेतली की ५० जणींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. शिवाय झेरॉक्सच्या दुकानात ती छापताना माप लहान-मोठं होतं, आणि ब्लाऊज बिघडला की नाव तुमचं जातं. मी २८ ते ४४ पर्यंतचे तुकडे जाड खाकी कागदावर कापून पोस्टाने पाठवते.

नऊवारीची मागणी मला अपेक्षितच नव्हती. पेशवाई आणि ब्राह्मणी पद्धतीची शिवलेली नऊवारी घालायला सोपी, म्हणून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवासाठी बायका मागवतात. त्या साडी पुण्या-सोलापुरातल्या बहिणीकडे पाठवायला सांगतात, कुणी तिकडे जाताना घेऊन जातं. मी स्वतः परदेशात माल पाठवत नाही, कारण त्याला आयईसी (निर्यातीसाठीचा) नंबर आणि वेगळी कागदपत्रं लागतात.

मोठ्या मराठी चॅनेलांकडे बघितलं तरी हेच दिसतं. मधुराज रेसिपी हे नाव आज मसाल्यांच्या पाकिटांवर आहे. व्हिडिओमुळे विश्वास बसला, आणि विश्वास बसलेल्या माणसाने पुढे काहीतरी विकत घेतलं.

मशीन, धागा, कात्री यांच्या कंपन्या जाहिरातीसाठी विचारतात. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर व्हिडिओत तसं स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. माझा स्वतःचा नियम असा की जे मशीन मी तीन महिने चालवलं नाही, त्याबद्दल चांगलं बोलायचं नाही. त्यामुळे वर्षाला दोन-तीनच कामं घेते.

८. सापळे

चॅनेलची चोरी. ही सर्वात वाईट. मला एका शिलाई मशीन कंपनीच्या नावाने मेल आला. भाषा नीट, रक्कम चांगली, आणि सोबत "करारनामा" म्हणून एक फाइल. भाच्याच्या लॅपटॉपवर उघडली. रात्रीत चॅनेलचं नाव बदललं आणि त्यावर क्रिप्टोचे व्हिडिओ चालू झाले. अशी फाइल ब्राउझरमधलं लॉगिनच उचलून नेते, त्यामुळे ओटीपी असूनही उपयोग होत नाही. चॅनेल परत मिळायला ११ दिवस लागले, ते दिवस मी जेवले कशी मला आठवत नाही. खरी कंपनी फोनवर बोलायला तयार असते. फाइल उघडण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. चॅनेलचा मेल आयडी वेगळा ठेवा, तो दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नका.

"मॉनिटायझेशन (म्हणजे चॅनेलचे पैसे सुरू) करून देतो, ५,००० द्या." कुणीही करून देऊ शकत नाही. विकत घेतलेले सबस्क्रायबर आणि तास पकडले जातात. "तू माझं कर, मी तुझं करते" हा प्रकारही तसाच. जी बाई शिवत नाही ती तुमचा व्हिडिओ बघत नाही, आणि तुमचा व्हिडिओ कुणी बघत नाही असं यूट्यूबला दिसतं.

घरच्यांनी जाहिरातींवर क्लिक करणं. प्रेमाने करतात. अ‍ॅडसेन्स बंद पडतं. सगळ्या नातेवाइकांना पहिल्या दिवशीच सांगा.

गाणी. मागे एखादं चालू सिनेमातलं गाणं लावलं की जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात. कॉपीराइट स्ट्राइक (दुसऱ्याचं गाणं किंवा व्हिडिओ वापरल्याबद्दलची शिक्षा) आली तर ती ९० दिवस राहते, आणि त्या काळात तीन झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या. मी संगीत लावतच नाही.

एकाच जागी सगळं ठेवणं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी मुलामुलींचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. तेव्हापासून मी क्लासला आलेल्या प्रत्येकीचा नंबर तिच्या परवानगीने वहीत लिहिते आणि सगळे मूळ व्हिडिओ हार्डडिस्कवर ठेवते.

९. कर

यूट्यूबचं उत्पन्न हे धंद्याचं उत्पन्न आहे. पगारदारांचा सोपा आयटीआर-१ इथं चालत नाही. कंपनीने २०,००० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू वर्षभरात फुकट दिली, तर १ जुलै २०२२ पासून तिच्यावरही १० टक्के टीडीएस आहे. म्हणजे फुकट मिळालेलं मशीनसुद्धा हिशोबात लिहायचं.

जीएसटीसाठी सेवांची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाख उलाढालीची आहे. त्यात शिलाई, क्लास आणि परदेशातून आलेले जाहिरातीचे पैसे सगळं एकत्र धरलं जातं. वस्तू दुसऱ्या राज्यात विकायचे नियम याहून कडक आहेत, तेव्हा बेळगाव किंवा पणजीला माल पाठवायला लागण्याआधी एकदा सीएची फी भरून विचारून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारच्या पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

१०. हातातलं काम कधी कमी करायचं

माझ्या वहीत तीन खुणा होत्या. पहिली, चॅनेलमुळे येणारं उत्पन्न सलग १२ महिने शिलाईच्या उत्पन्नाएवढं होणं. एखादा चांगला महिना धरायचा नाही, जानेवारी ते मार्चचा मंदीचा काळही त्यात यायला हवा. दुसरी, सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला असणं. तिसरी, जाहिरातीचे पैसे वजा केले तरी उरलेल्यात किराणा आणि मुलांची फी भागणं.

तिन्ही खुणा २०२२ च्या मे महिन्यात पूर्ण झाल्या. तेव्हा मी बाहेरची साधी ब्लाऊजशिलाई कमी केली आणि फक्त जुनी २० गिऱ्हाइकं ठेवली. ती अजूनही ठेवलेली आहेत. त्यांचे ब्लाऊज हाताखालून गेले नाहीत तर नव्या तक्रारी मला कळणार नाहीत, आणि मग व्हिडिओ कशावर करायचा? मागच्याच आठवड्यात एक वहिनी आल्या होत्या: वजन कमी झालं, सगळे ब्लाऊज ढगळ झालेत, उसवल्याशिवाय आटवता येतील का? मांजरपाट कापून ठेवलाय. उद्या सकाळी ९ ला शूट करणार आहे.